मार्थाबाईंची प्रार्थना आणि याकोबचं आमेन

आमच्या थोरल्या जाऊबाई मार्थाबाई देवाकडे काही मागत नसत, त्याला कामं सांगत. मोहननगरात आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे त्यांची सकाळची प्रार्थना मला कधी चुकली नाही. प्रभू, नळाला पाणी येऊ दे, आणि लवकर येऊ दे, मला दवाखान्यात ड्युटी आहे. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणायचे, बाई, धीर धरा, त्याचीही काही वेळ असते. बाई म्हणायच्या, असेल ना, पण मी आठवण दिली तर बिघडलं कुठं?

नवरा गेल्यापासून त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. एकुलती एक सुलभा तिशीला टेकली आणि लग्न काही जमेना. जमणार कसं? मुलगा बघायला आला की बाईच त्याची उलटतपासणी घ्यायच्या. आमच्या मंडळीत भजनाला ढोलकी वाजवणाऱ्या याकोबनं एकदा पाळकसाहेबांकरवी विचारून पाहिलं होतं. त्याचं सदर भागात सायकल दुरुस्तीचं दुकान. ग्रीसच्या हातांचा जावई नको, म्हणून बाईंनी तिथंच निकाल लावला.

मग चौऱ्याहत्तर साली त्यांनी रेल्वेतला एडविन हेरला. गुरुवारची घरगुती प्रार्थना मुद्दाम आपल्याकडे ठेवली आणि त्याला आधीच कोथिंबिरीचं सारण भरलेली सांबारवडी पोटभर खाऊ घातली. आमच्यात प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात, एक जण मोठ्यानं मागणं करतो, आणि ज्याला ते मान्य तो शेवटी आमेन म्हणतो. आमेन म्हणजे तसंच होवो. एकदा तोंडातून गेलं की परत घेता येत नाही, हे संडे स्कूलच्या पोरांना बाईंनीच शिकवलेलं.

बाईंनी देवाशी बोलायची खास पुस्तकी भाषा काढली. हे प्रभू, तू जाणतोस, तुझा एक दास रेल्वेत पर्मनंट आहे, त्याला क्वार्टर मिळाले आहे, आणि तो या क्षणी खिडकीपाशी बसला आहे. मला हसू आवरेना. एक डोळा उघडून पाहते तर तो दास चपला हातात घेऊन दाराबाहेर पसार. मी कशाला बोलते?

बाई बोलतच होत्या. पण बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला आणि पुस्तकी भाषा सुटली.

"मी थकली रे बापा. माह्यामागं हिचं कोन? आतापावतो माह्याच मनानं पाह्यलं, आता तूच पाह्य. तुले जो पसंत असंल तो दे, अन् तुले वाटंल तवा दे."

माझं हसू कुठल्या कुठं गेलं. मला रडूच आलं.

"आमेन," ढोलकीमागून आवाज आला. याकोब! त्याच्या मागोमाग सुलभाचं आमेन, बारीक पण स्वच्छ. पाळकसाहेब एरवी अर्धा तास हलायचे नाहीत, त्या दिवशी झटक्यात आमेन म्हणून आशीर्वाद देऊन मोकळे झाले.

बाईंनी डोळे उघडले तर खिडकीपाशी नुसती रिकामी ताटली. त्यांनी सुलभाला स्वयंपाकघरात गाठलं. मनात होतं तर इतकी वर्षं सांगितलं काहून नाही, म्हणून फैलावर घेतलं.

"सांगून राहिली होती ना वं आई," सुलभा म्हणाली. "तुले नाही, देवाले. पन तुहं बोलनं सरल्याबिगर त्याचा बोलाचा नंबरच लागत नव्हता."

मार्थाबाईंनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मग उरलेल्या सांबारवड्या ताटलीत काढून त्यांनी माझ्या हातात दिल्या. याकोबला नेऊन द्या म्हणाल्या, आणि आधी साबणानं हात धुवायला सांगा.