चादरी आणायला म्हणून सोलापूरला नेलेली आई

सोलापूरला चादरी घ्यायला जाऊ, असं मी आईला सांगितलं ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं माझा भाऊ निखिल जाणत होता. त्याला ऑफिसातल्या स्रवंतीशी लग्न करायचं होतं. ती सोलापूरच्या भवानी पेठेतल्या तेलुगू विणकर घरातली. आई महिनाभर एकच म्हणत होती, "मुलगी चांगलीच असेल. पण घरात भाषा एक हवी." निखिलला सोबत घेतलं नाही, कारण त्याला खोटं बोलता येत नाही. मला येतं.

पुण्याहून सकाळी सहाला निघालो. अडीचशे किलोमीटर, चारपदरी सरळ रस्ता. भिगवणला चहा, टेंभुर्णीला पोहे धरूनही अकराच्या आत पोचलो. गाडी स्टेशनजवळ लावा आणि गावात रिक्षानं फिरा. पेठांतल्या गल्ल्यांत गाडी वळवताना घाम फुटतो. आमच्या रिक्षावाल्या चाचांनी दखनी उर्दूत विचारलं, "कां जाना अम्मा?" मग ते फोनवर कन्नड बोलले, चौकात एका भाजीवाल्याशी तेलुगूत भांडले आणि मला मराठीत म्हणाले, "साठ रुपये द्या ताई, पत्ता लई आत हाय."

"चाचा, तुमची भाषा कुठली?"

"गिऱ्हाईक बोलंल ती."

आई गालात हसली. मला वाटलं, काम सोपं आहे.

पत्त्यावर खाली यंत्रमागांचा खडखडाट, वर घर. "दुकान घरातच आहे," मी ठोकून दिलं. स्रवंतीची आई कटात सामील होती. तिनं गंभीर चेहऱ्यानं चादरी उलगडल्या, आईनं पोत चाचपला, रंग नाकारले. तेवढ्यात स्रवंतीच्या आजी शेंगापोळ्यांचं ताट घेऊन आल्या. आजींना तेलुगूशिवाय काही येत नव्हतं. मी दुसरी पोळी संपवताच त्यांनी विचारलं, "चालु?"

मला वाटलं, चालू ठेवू का विचारतायत. "चालू, चालू," मी मान डोलावली. ताट उचललं गेलं. तेलुगूत चालु म्हणजे पुरे, हे कळेपर्यंत ते आईसमोर पोचलं होतं. आजी तिच्या पानात तिसरी पोळी ठेवू लागल्या आणि आईनं हात आडवा धरला. "साकु री, ब्याड."

स्रवंतीच्या आईच्या हातातली घडी तशीच राहिली. "तुमाला कन्नड येतंय व्हय?"

आईचं माहेर अक्कलकोटजवळचं, एवढं मला माहीत होतं. आजी-आजोबा मी पाहिलेच नाहीत आणि आईच्या तोंडून कन्नड मी जन्मात ऐकलं नव्हतं. आई म्हणाली, "पुण्याला सून म्हणून आले तेव्हा स्वयंपाकघरात एखादा शब्द निघाला की सगळे हसायचे. प्रेमानंच हसायचे. पण मी मोजकंच बोलायला लागले. पुढं ते शब्दच येईनात." तिनं चादर बाजूला सारली. "तुमच्या मुलीचं तसं होऊ नये, म्हणून मी नाही म्हणतेय."

"आमच्या मुलीचं?" स्रवंतीच्या आईनं माझ्याकडं पाहिलं.

"समोर भिंतीवर तिचा पदवीचा फोटो टांगलाय, खाली नाव लिहून," आई म्हणाली. "मला चष्मा आहे, पण दिसतं."

मी पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

स्रवंतीच्या आईनं हातातली घडी पूर्ण केली. "मग तुमी हसू नका की," ती म्हणाली.

एवढंच. एका महिन्यात हे आईला कुणीच सुचवलं नव्हतं, मीसुद्धा. स्रवंतीच्या आईला शेजारणींमुळं कन्नड येत होतं; पुढचा तासभर त्या दोघी कन्नडमध्ये बोलत होत्या, आई अडखळत, विसरलेले शब्द चाचपत. आजी मध्येच तेलुगूत काहीतरी सांगत होत्या आणि मला एकटीला काही कळत नव्हतं. सासरी पहिल्या दिवशी कसं वाटत असेल, याचा अंदाज आला.

निघताना चार चादरी घेतल्या. तुम्ही गेलात तर शेंगाचटणी आणि कडक भाकरीही घ्या, भाकरी खूप दिवस टिकते.

घरी आल्यावर आईनं निखिलला इतकंच सांगितलं, "तारीख काढा. तुम्ही दोघं मिळून मला फसवलंत, ते मी लग्नानंतर बघते."

परवा सकाळी दूध उतू गेलं. आईनं गॅस बंद करता करता कन्नडमध्ये चांगली लांबलचक ओळ म्हटली. मी अर्थ विचारला.

"तो तुला कशाला हवाय?" ती म्हणाली आणि ओटा पुसू लागली.