गच्चीवरचे मोड

लग्न होऊन नागपूरहून बंगळूरला आले, त्याच आठवड्यात सासूबाई गच्चीवरून ओरडल्या, "मोड आलेत गं, लवकर ये!" मी धावत स्वयंपाकघरात गेले आणि मटकीचं फडकं सोडून बघितलं. तोवर गच्चीवरचे पापड भिजले. कन्नडमध्ये ढगाला मोड म्हणतात, हे मला कुणी सांगितलं होतं? हे घर पिढ्यान् पिढ्या इथलं, त्यांच्या मराठीत कन्नड मुरलेलं. पण चूक मात्र माझी ठरली.

गेल्या हिवाळ्यात त्याच गच्चीवरून आमचं वाजलं. पूर्वेच्या कोपऱ्यात माझी दुर्बीण कायमची बसवलेली. सासऱ्यांना नेमकी तिथंच पाण्याची दुसरी टाकी हवी होती. टँकरवाल्याच्या नाकदुऱ्या काढून ते वैतागले होते. बाकी सगळीकडे शेजारच्या इमारती आड येतात, म्हणजे कोपरा गेला की माझं आकाश गेलं. "तुझ्या सासूला विचार, ती म्हणेल तसं," म्हणून ते मोकळे झाले.

मी म्हटलं, चालेल. दुर्बिणीतून काढलेल्या माझ्या एका फोटोवर माझा पुरता भरवसा होता.

संध्याकाळी जेवणं आटोपल्यावर सासूबाईंना वर नेलं. आधी मृग नक्षत्र दाखवलं, त्याच्या पोटातला बाण दाखवला. मग बाणाच्या खालच्या ताऱ्याजवळचा, कितीतरी रात्री खपून टिपलेला फोटो लॅपटॉपवर उघडला. लालभडक तेजोमेघ, आणि त्यात घोड्याच्या डोक्यासारखा काळा आकार.

"हे काय, भोक पडलंय?"

"भोक नाही, अक्का. धूळ आहे. मागचा उजेड अडवते म्हणून काळी दिसते. पण नवे तारे जन्मतात ते अशाच काळ्या, थंडगार धुळीत."

त्या चष्मा सावरून बघत राहिल्या. मग कन्नडमधला होकार देत म्हणाल्या, "सरी. म्हणजे मोड."

"हो, ढगच," मी म्हटलं. या वेळी मी फसणार नव्हते.

"ढग नाही गं. तुझे मोड, मटकीचे. अंधारात बांधून ठेवल्याशिवाय येतात का ते?"

मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली. त्या जिन्यापाशी गेल्या आणि खाली ओरडल्या, "अहो, टाकी मागच्या अंगणात बसवा! इथं मोड येतायत, फडकं सोडायचं नाही."