तुरीतली दोन निळी फुलपाखरं

आर्णीचे घड्याळजी रशीदभाई घड्याळ हातात आलं की काटे पाहत नसत. आधी ते पालथं करत. गिऱ्हाईक "मागं पडतं" म्हणून सांगत असलं, तरी पहिली नजर मागच्या झाकणावर. "तोंड तं सारेच चांगलं ठेवतेत," असं त्यांचं म्हणणं.

सत्तावन्न साली मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायला आलो. पंचक्रोशीत फुलपाखरांचा जाणकार मीच, असा माझा समज होता आणि तो मी गावातही पसरवला होता. तुरी फुलल्या की जाळी घेऊन शेतात जायचो. सापडलेली निळी फुलपाखरं पंख पसरून पेटीत टाचायचो, सगळ्यांना एकच नाव. रशीदभाई शाळेचं घड्याळ दुरुस्त करायला आले, तेव्हा पेटीपाशी थांबले. "यायच्यात दोन जाती असतीन, मास्तर. पालथे करून पाह्यले काय?"

मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मेव्हण्याच्या तुरीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेलं. दोन निळी फुलपाखरं पंख मिटून बसली होती. एकाच्या पंखांखाली तपकिरी लहरी आणि एक पांढरा पट्टा, दुसऱ्याच्या राखाडी पंखांवर नुसते ठिपके. वरून दोन्ही निळीच, बारीक शेपट्याही सारख्या. चौथी शिकलेल्या घड्याळजीला हे दिसावं आणि बी.एस्सी. झालेल्या मला दिसू नये, याने माझ्या पोटात दुखू लागलं.

त्याच वर्षी तपासणीला साहेब आले. पेटीत आता दोन रांगा होत्या, दोन्ही पालथ्या. हा फरक कुणाच्या ध्यानात आला, असं त्यांनी कौतुकाने विचारलं. माझ्याच, असं मी सांगितलं. रशीदभाई घड्याळाला चावी द्यायला आलेले, दारातच उभे होते. ते आत आले, घड्याळाला चावी दिली आणि निघून गेले. त्यांनी भांडावं, चारचौघांत माझी अब्रू काढावी, असं मला फार वाटे. पण रस्त्यात भेटले की तेच आपुलकीने विचारत, नवीन काही सापडलं का म्हणून. त्याने मी आणखीच जळायचो.

चौसष्टला माझी बदली झाली. निरोप घ्यायला दुकानात गेलो आणि एकदाचं बोलून टाकलं, की ते श्रेय तुमचं होतं, मी ते चोरलं.

डोळ्यावरचं भिंग न काढता ते म्हणाले, "तुम्ही सांगसान म्हणून वाट पाहून राह्यलो होतो, मास्तर. भरोसा होता तुमच्यावर."

सात वर्षं मी त्यांच्या नजरेचा हेवा केला होता. त्या दिवसापासून त्यांच्या मनाचाही करू लागलो. रशीदभाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझा हेवा काही जात नाही.