फुल्या मारलेलं पुस्तक

ज्ञानेश्वरी मॅडमचं पान परत करायला विभागप्रमुख गौरीशंकर सर स्वतः प्रयोगशाळेत आले.

वाचन सप्ताहानिमित्त कॉलेज एक पुस्तिका छापणार होतं. प्रत्येक प्राध्यापकाचा फोटो आणि खाली त्याला घडवणाऱ्या पुस्तकाबद्दल एक पान. बाकीच्यांनी भारदस्त ग्रंथांची नावं दिली होती. प्राणिशास्त्राच्या ज्ञानेश्वरीने मात्र मेंढरांच्या आजारांवरच्या एका चौऱ्याऐंशी पानी पुस्तकाबद्दल लिहिलं होतं. त्याचं मुखपृष्ठ केव्हाच गेलेलं, लेखकाचं नावही त्याच्यासोबत गेलेलं.

"मॅडम, हे पुस्तक म्हणायचं का?" सर म्हणाले. "पीएचडी आहात तुम्ही. उत्क्रांतीवरचं एखादं टाका. विद्यापीठाची माणसं वाचणार आहेत."

"उत्क्रांतीवरचं वाचलंय सर. पण मला घडवलं ह्यानं."

"आणि त्यात आईच्या फुल्या, मेंढरं, शेतातला मुक्काम. कॉलेजची शोभा होईल. सोमवारी दुसरं पान द्या. मुलाखती पुढच्याच महिन्यात आहेत, मी वेगळं सांगायला नको."

खरंच सांगायला नको होतं. नऊ वर्षं ती कळंबच्या त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. जूनमध्ये ऑर्डर मिळायची, उन्हाळ्यात ती पुन्हा कुणीच नसायची. यंदा कायमची एक जागा निघाली होती आणि निवड समितीत गौरीशंकर सर बसणार होते.

ते पुस्तक तिच्या वडिलांना, व्यंकटना, ईट गावच्या जनावरांच्या दवाखान्यातून मिळालं होतं. घरात वाचता येणारी एकटी ज्ञानेश्वरी, तेव्हा पाचवीत. सुट्टीत कुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली की ती बांधावर बसून मोठ्याने वाचायची आणि आई, हरणाबाई, कोकरांचे खूर तपासत ऐकायची. पटलं तर गप्प. नाही पटलं तर म्हणायची, "आण इकडं ती पेन्सिल." मग त्या ओळीशेजारी स्वतः फुली मारायची. आयुष्यात पेन्सिल धरली ती तेवढ्यासाठीच.

पुस्तकात एका ठिकाणी होतं, मेंढ्या पहाटेच चरायला सोडाव्यात. हरणाबाईने तिथे कागद फाटेल इतक्या जोरात फुली मारली. "लिवणाऱ्यानं मेंढरू पाळलं न्हाय कधी. दव हाय तवर सोडलं की पोटात जंत व्हत्यात."

बारा वर्षांनी ज्ञानेश्वरीने त्याच फुलीवर संशोधन केलं. पहाटेचं गवत आणि दहा वाजताचं गवत कापून आणायचं, धुवायचं आणि त्यावरच्या जंतांच्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. दोन पावसाळे ती मोजत राहिली. पहाटेच्या ओल्या गवतावर अळ्या कितीतरी जास्त निघाल्या. छापलेल्या ओळीशी भांडता येतं, मात्र भांडण शेवटपर्यंत न्यावं लागतं, हे ती त्या पुस्तकाकडून शिकली होती. पानावर तिने एवढंच लिहिलं होतं.

रविवारी ती ईटला गेली. हरणाबाई दारात शेंगा निवडत होती. सगळं ऐकून तिचे हात थांबले.

"दुसरं लिवून दे की माय. त्यांचं काय जातंय, आपलं जाईल."

"खोटं लिहू?"

"नऊ वर्सं तू उन्हाळ्यात घरी येतीस. बाया इचारत्यात, पोरीची नोकरी गेली का. माझ्या फुल्यांपायी घास घालवू नगंस."

"तुझ्या फुल्यांपायीच घास मिळालाय आई."

हरणाबाईने शेंगांचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "वाच बरं काय लिवलंस ते."

ज्ञानेश्वरीने वाचलं. ऐकता ऐकता हरणाबाईचा चेहरा बदलत गेला, पण कौतुकाने नाही.

"आन् ती लशीची फुली?"

ज्ञानेश्वरीने पान खाली ठेवलं. पुस्तकात लिहिलं होतं, कोवळं गवत येण्याआधी मेंढ्यांना आंत्रविषार या आजाराची लस टोचून घ्यावी. त्यावरही हरणाबाईने फुली मारली होती. सुई टोचली की गाभण मेंढी गाभ टाकते, असं तिचं म्हणणं. त्या साली लस टोचलीच नाही, आणि एका आठवड्यात अठरा मेंढरं गेली. सांजेला धडधाकट दिसायची, सकाळी पाय ताठ.

"ती कशाला लिहायची?" ज्ञानेश्वरी म्हणाली. "तुला बोल लागेल."

"लागू दे. माझं बरोबर तेवढंच लिवलंस तर त्यो साहेब म्हनंल, आईची टिमकी वाजवती. लिवायचं तर समदं लिव, न्हायतर त्याचं ऐक आन् गप बस. मधलं काय करू नगंस."

"मगाशी तर म्हणत होतीस, दुसरं लिहून दे."

"म्हनत हुते. भ्या अजूनबी वाटतंय. म्हून काय खोटं सांगू?"

सोमवारी ज्ञानेश्वरीने नवीन पान सरांच्या टेबलावर ठेवलं. आधीचं दीड परिच्छेदाने वाढलं होतं. सरांनी चष्मा चढवून वाचलं.

"मी बदला म्हणालो होतो. तुम्ही तर त्यात मेलेली मेंढरं घातलीत."

"हो सर. आधी अर्धवट होतं."

"ह्यानं तुमचं काय होईल, कळतंय का?"

"कळतंय. नऊ वर्षं तेच मोजत आलेय."

सर खुर्चीत मागे टेकले. "पुस्तिकेत हे पान नसलं तरी चालेल. फोटो आणि दुसऱ्या पुस्तकाचं नाव एवढंच छापू. तुम्ही फक्त हो म्हणा. विषय संपला."

"माझ्या फोटोखाली दुसरं नाव नको सर. पान नको असेल तर फोटोही काढा."

"समितीत मी आहे, मॅडम."

"म्हणूनच तुम्हाला आधी सांगतेय. तिथं मला घडवणाऱ्या पुस्तकाचा प्रश्न आला तरी माझं उत्तर हेच असेल, आणि बाहेरून आलेल्या तज्ज्ञांसमोर असेल."

सरांनी पान उचललं नाही, परतही केलं नाही. बाहेर दुसऱ्या वर्षाची मुलं प्रयोगशाळेच्या दाराशी ताटकळली होती. ज्ञानेश्वरीने बाहेर येऊन ॲप्रन घातला, कुलूप काढलं आणि सूक्ष्मदर्शक मांडायला घेतले. ऑर्डर होती तोवर तास तिचाच होता.