दात पोचला वेळेवर

हे मी कोणालाच सांगणार नव्हतो. पण शहरात नंदनवन वस्तीत एक गृहस्थ राहतात, त्यांना यातलं अक्षर न् अक्षर ठाऊक आहे आणि त्यांच्या तोंडाला कुलूप नाही. म्हटलं, तुम्ही माझ्याच तोंडून ऐकलेलं बरं. चहा घ्या, आणि हसायचं तर खुशाल हसा. मला मात्र अजून हसू येत नाही.

अधिक महिना होता. माझ्या लेकीच्या, प्राचीच्या लग्नानंतरचा पहिलाच. म्हणून जावयाला अनारसे खायला आमच्या बेसा भागातल्या घरी बोलावलं होतं. त्यात मे महिना! मी सकाळी कूलरमध्ये पाण्याचा पाइप सोडला आणि मोबाइल बघत बसलो. कूलर भरला, वाहिला, हॉलभर पाणी झालं. मी गुपचूप पाइप काढून ठेवला. पुसणार होतो हो. खरंच पुसणार होतो.

तेवढ्यात समीरराव, म्हणजे आमचे जावई, आंघोळ करून आले, घसरले आणि दिवाणाच्या काठावर तोंडावर आपटले. वरचा समोरचा दात मुळासकट बाहेर.

आणि मी काय केलं असेल? आधी बायकोवर ओरडलो. "किती वेळा सांगितलं तुले सुमन, फरशी पुसत जाय म्हणून." एकदा नाही, तीनदा. जावयासमोर. सुमन खसखस लागलेल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिनं ओल्या फरशीकडे बघितलं. बिचारीला वाटलं, आपल्याच हातून सांडलं असेल.

पुढचं मात्र मी अगदी शिकवल्यासारखं केलं, एवढं मान्य करा. ऑफिसात एकदा प्रथमोपचाराचं प्रशिक्षण होतं. मी समोशासाठी गेलो होतो, पण दाताचं तेवढं डोक्यात राहिलं होतं. पडलेला दात मुळाकडून धरायचा नाही. घासायचा नाही. थंड दुधात ठेवायचा आणि शक्यतो अर्ध्या तासात डॉक्टरकडे पोचायचं, तर तो परत बसू शकतो. मी दात दुधाच्या डबीत टाकला. समीररावांच्या तोंडात, जिथून रक्त येत होतं तिथे, स्वच्छ रुमालाची घडी दिली.

"गच्च दाबून धरा," मी म्हणालो. "दवाखाना येईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही."

त्यांनी मान हलवली. फार गुणी पोरगा आहे.

उन्हासाठी प्राचीनं त्यांच्या डोक्याला आणि तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळून दिला. मीही माझा गुंडाळला आणि स्कूटर काढली. मायलेकी मागून ऑटोनं येणार होत्या. दवाखाना प्रताप नगरात, तो मी सगळ्यांना दोनदा नीट समजावून सांगितला.

वाटेत पाहतो तर पेट्रोलचा काटा तळाला. पंपावर रांग. समीरराव उतरून पुढे सावलीत जाऊन उभे राहिले. मी पेट्रोल भरलं, पुढे आलो, पांढऱ्या दुपट्ट्यातले दोन डोळे दिसले, म्हणालो, "बसा लवकर." ते बसले. आम्ही निघालो.

जरा पुढे गेल्यावर मागून काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं. मी म्हणालो, बोलू नका, दात हातचा जाईल. थोड्या वेळानं पुन्हा पुटपुटले, मग खांद्यावर थापा मारायला लागले. मला वाटलं, किती दुखत असेल पोराला. आणि हे सगळं कोणामुळे? माझ्यामुळे. आता कबूल नाही केलं तर कधीच करणार नाही, असं वाटलं.

"एक सांगतो समीरराव, कोणाले सांगू नका," मी म्हणालो. "पाणी मीच सांडलं. मोबाइल पाहून राहिलो होतो. तुमच्या सासूबाईचा काहीच दोष नाही, तिले उगाच बोललो. कबूल कराची लाज वाटली. मले माफ करा."

थापा थांबल्या. माझे डोळे भरून आले. काय मोठं मन आहे, म्हटलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या हाती मी डबी दिली. त्या खूश झाल्या. दात इतका नीट फार कमी लोक आणतात म्हणाल्या. माझी छाती फुगली. त्यांनी पेशंटला खुर्चीत बसवलं, दुपट्टा सोडला. आत भरघोस मिशा!

तुम्हाला खोटं वाटेल, पण क्षणभर मी विचार करत होतो की समीररावांना मिशा कधी आल्या. डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा घालून पाहिलं.

"यांचे सगळे दात जागेवर आहेत," त्या म्हणाल्या. "तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं रंगलेत, पण आहेत."

ते नंदनवनचे गृहस्थ ते हे. साडूबरोबर पंपावर आले होते. साडूची स्कूटर माझ्यासारखीच, दुपट्टाही पांढराच. मलाच साडू समजून माझ्या मागे बसले. मग उतरले काहून नाही, मी विचारलं.

"दोनदा सांगाले गेलो, तुम्ही चूप बसवलं," ते म्हणाले. "मंग उतरणारच होतो, तं तुम्ही माफी मांगून राहिले होते. म्हटलं, माणूस मनापासून बोलून राहिला, पुरं होऊ द्याव."

जावई तिकडे पंपावर, दात इकडे दुधात. पण देव मोठा! पाचच मिनिटांत समीरराव दारात हजर. आम्हाला जाताना पाहून त्यांनीच रुमाल काढून त्या साडूला पत्ता सांगितला होता, आणि साडूनं त्यांना मागे बसवून आणलं होतं. मागोमाग ऑटोतून प्राची आणि सुमन उतरल्या. डॉक्टरीणबाईंनी समीररावांना खुर्चीत घेतलं. अजून वेळ गेली नाही, दात बसेल, म्हणाल्या. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

"आता खऱ्या जावयाले सांगा ना ते पाण्याचं," नंदनवनवाले सगळ्यांच्या देखत म्हणाले.

कुठं तोंड लपवावं? सांगितलं. माफी मागितली. समीररावांनी आ वासलेल्या तोंडानंच हात हलवला, जाऊ द्या म्हणून.

सुमन माझ्याकडे बघत होती. तिच्या बोटांना खसखस अजून तशीच चिकटलेली होती.

"अन् मले?" ती म्हणाली. एवढंच.

मागितली. दोन अनोळखी साडूंसमोर, हात जोडून मागितली. शब्द काही धड निघाले नाहीत. खरं सांगू? त्या दिवशी मी तीन माफ्या मागितल्या, आणि त्यांतली नीट जमली ती पहिलीच. कारण तेव्हा ऐकणाऱ्याला मी बोलायचीच बंदी केली होती.