गव्याचा दाखला

विरूपाक्षअण्णा हुक्केरींनी आयुष्यातली पस्तीस वर्षं बैलांच्या तोंडात हात घालण्यात काढली आणि पुढची सहा कॉम्प्युटरसमोर. दोन्हीकडं काम तेच. समोरचा माणूस माल खपवायला किती खोटं बोलतोय, ते मालाकडं बघून ओळखायचं. कॉम्प्युटरात बैल नसतो, एवढी एक अडचण होती. पुढं तीही राहिली नाही.

वडगावच्या जनावरांच्या बाजारात अण्णा दलाल होते. सौदा रुमालाखाली व्हायचा. वर दोघं पावसापाण्याच्या, पोरीच्या लग्नाच्या गोष्टी करणार आणि खाली रुमालाआड बोटं दाबून भाव ठरणार. अण्णांचा रुमाल लाल चौकड्यांचा, धोतराच्या फाळक्याएवढा. पण खरी किंमत रुमालाला नव्हती, अण्णांच्या दोन शब्दांना होती. "हाय, घ्या" असं ते म्हणाले की घेणारा दात मोजायला वाकत नसे. आणि बैल घरी गेल्यावर आठ दिवसांत त्याची एखादी खोड निघाली, मारका निघाला, औताला बसकण मारायला लागला, तर अण्णा तो आपल्या दावणीला आणून बांधत आणि त्याच्या तोडीचा दुसरा बैल उभा करत. पैसे परत देणं त्यांना कमीपणाचं वाटे. "त्यानं माझ्याकडं बैल मागितलता, नोटा न्हाय," हा त्यांचा कायदा.

मग शिवारात ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरला दात नसतात, भोवरा नसतो आणि शेपटी पिळली तर तो जागचा हलत नाही. अण्णांचं ज्ञान एका हंगामात मोडीत निघालं. त्यांची मुलगी वर्षाराणी बी. कॉम. झालेली, डोक्यानं बापासारखीच. तिनं २००३ साली कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत एका धान्याच्या वखारीच्या माळ्यावर नऊ कॉम्प्युटर मांडले आणि बापाला विचारून पाटी लावली: 'नंदी सायबर कॅफे'. अण्णा दाराशी खुर्ची टाकून बसायचे. आत अंधारात पोरं कॉम्प्युटरला डोळे लावून बसलेली बघून त्यांना वाटायचं, काय अभ्यासू पिढी आहे!

एक दिवस तीन आणि चार नंबरच्या कॉम्प्युटरवरचे दोन अभ्यासू एकमेकांची गचांडी धरून जिन्यावरून गडगडत खाली आले. भांडण होतं एका शिरस्त्राणावरून. खेळातलं सोन्याचं शिरस्त्राण एकानं दुसऱ्याला दिलं, बदल्यात त्याची ढाल घेतली, आणि दुसऱ्या दिवशी शिरस्त्राण गायब.

"अप्पा, चोरीचं होतं ते," वर्षाराणीनं समजावलं. "कुणाचा तरी पासवर्ड पळवून काढलेलं. कंपनीनं मूळ मालकाला परत दिलं."

"म्हंजे चोरीचं जनावर."

"व्हय. आणि दुसरा एक प्रकार असतो, डुप्लिकेट. कायतरी युक्ती करून एकाच शिरस्त्राणाची शंभर करायची. कंपनीला कळलं की ती शंभरच्या शंभर पुसून टाकते."

"चोर लई बघितले," अण्णा म्हणाले, "पर एका बैलाचे शंभर बैल करणारा आमच्या बाजारात कवा आला न्हाय. आला असता तर मी पयला त्याच्या पाया पडलो असतो आणि मग त्याला पोलिसांत दिला असता."

पण त्या दिवसापासून अण्णांच्या अंगात पुन्हा बाजार संचारला. खेळातल्या वस्तूंचा सौदा ज्याला करायचा असेल त्यानं तो अण्णांसमोर करायचा, असा दंडक त्यांनी घातला. वस्तू आधी अण्णांच्या पात्राकडं ठेवायची, दोन्हीकडचं आलं की अण्णा ज्याचं त्याला देणार. त्यासाठी वर्षाराणीनं त्यांना खेळात एक पात्र काढून दिलं. अण्णांनी त्याला तलवार नको म्हणून सांगितलं, टोपी तेवढी मागितली. आणि प्रत्येक वस्तूला दाखला. बाजारात जनावराचा असतो तसा. मग वखारीच्या माळ्यावर असले कागद फिरायला लागले: 'सदर कुऱ्हाड मी स्वतः गुहेतल्या राक्षसास मारून दिवाळीच्या सुट्टीत मिळवली. सोबत दोन मित्र होते. राक्षसाची हरकत नाही.' शेवटचं वाक्य कुणा चावट पोरानं लिहिलं होतं. अण्णांनी तेही वाचून, मान डोलवून, खाली नंदीचा रबरी शिक्का मारला. तो शिक्का त्यांनी मुद्दाम करवून घेतला होता.

आधी पोरं हसली. मग त्यांच्या ध्यानात आलं की शिक्क्याची वस्तू कधी गायब होत नाही. कारण सोपं होतं. चोरीची वस्तू आणणारा पोरगा 'कुठं मिळाली, कवा मिळाली, संगं कोण होतं' या तीन प्रश्नांना उभा राहू शकत नसे. दुसऱ्या प्रश्नाला तो कान खाजवायचा, तिसऱ्याला त्याला घरी काम आठवायचं. दोन वर्षांत इचलकरंजी, जयसिंगपूरहून पोरं एसटीनं यायला लागली. त्यांच्या गावात कॅफे होते, पण नंदी नव्हता.

कबनूरचा फराज त्यातलाच. यंत्रमागावर कामाला, आठवड्याची सुट्टी मिळाली की नंदीत हजर. बोलायला कमी, पण दोन वर्षं एकेक तुकडा जमवून त्यानं खेळात एक चिलखत पुरं केलं होतं. त्याला हवा होता गवा. तो प्राणी खेळात नव्यानंच आला होता. त्याचं मूळ नाव कोरियन कंपनीनं काहीतरी भलतंच ठेवलेलं, पण काळाभोर अंग, पायात पांढरे मोजे आणि वाकडी शिंगं बघून कोल्हापूरच्या पोरांनी त्याला एकमतानं दाजीपूरच्या जंगलातला गवा ठरवून टाकलं. तो खेळातल्या दुकानात विकत मिळत नसे. त्याचं रेडकू पकडून नव्वद दिवस रोज न चुकता चारायचं. एक दिवस चुकला की ते जंगलात पळून जायचं, आणि मोजणी परत एकपासून. राक्षस मारणारी पोरं शेकड्यानं होती. नव्वद दिवस वैरण घालणारं कोण मिळणार?

तेव्हा आजऱ्याच्या राजशेखरनं आपला तयार गवा काढला. राजशेखर इथं कॉलेजात होता. घरचा काजूचा कारखाना, आणि त्याच्या आजोबांनी एकेकाळी अण्णांच्या हातून सहा बैलजोड्या नेलेल्या. अण्णांनी गवा पडद्यावर चालवून बघितला. "मागचा पाय जरा वडतोय," ते म्हणाले, "पर त्यो चित्र काढणाऱ्याचा दोष." मग त्यांनी राजशेखरला तीन प्रश्न विचारलेच नाहीत. त्या घरात खोटं जनावर सापडायचं नाही, हे त्यांना बाजारात पस्तीस वर्षं पाठ होतं. दाखल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'घर खात्रीचं', आणि शिक्का मारला.

"हाय, घे," ते फराजला म्हणाले. फराजनं चिलखत दिलं आणि गवा घेतला.

पाचव्या दिवशी कंपनीनं झाडलोट केली. डुप्लिकेट गवे सगळ्या जगातून पुसले गेले. त्यात फराजचाही गेला.

राजशेखर रडकुंडीला आला. त्यानं तो गवा घरी वाढवलेलाच नव्हता. कुठल्याशा अनोळखी वेबसाइटवरून स्वस्तात घेतला होता, आणि तो डुप्लिकेट आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं. चिलखत त्यानं केव्हाच पुढं बदलून टाकलेलं. अण्णांनी कपाळाला हात लावला. घर चांगलं होतं, बैल मात्र हेड्याकडचा, फिरत्या व्यापाऱ्याकडचा होता, आणि पोरगं नेणतं. असला सौदा तर बाजारातल्या नवशिक्यानंही ओळखला असता!

राजशेखर पैसे भरून द्यायला तयार होता. फराज जिन्याच्या वरच्या पायरीवरच उभा राहिला, आत आला नाही.

"पैसं मी मागावर मिळवतो, अण्णा," तो म्हणाला. "हितं मी तुमच्या शब्दावर येत हुतो." आणि खाली उतरून गेला.

त्या दुपारी अण्णांनी नंदीचा शिक्का ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. सौदे बंद. आणि वर्षाराणीला म्हणाले, "मला ते रेडकू पकडून दे."

"अप्पा, नव्वद दिवस हायेत!"

"मग? म्हशीला काय अठ्ठ्याऐंशी दिवसच घालतोय व्हय वैरण?"

एकोणसाठाव्या वर्षी अण्णा खेळायला बसले. रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा झाली की कपाळावर विभूतीचे पट्टे तसेच ठेवून ते वखारीचा जिना चढत, एक नंबरच्या कॉम्प्युटरसमोर चप्पल काढत आणि एका बोटानं गवत टाकत. गवत टाकायला अर्धा मिनिट लागे. अण्णा तिथं अर्धा तास बसत. "खाऊन हुईस्तवर उठू न्हाई," हे त्यांचं म्हणणं. रत्नव्वा, त्यांची बायको, शेजारणींना सांगायची, "घरची म्हस इकली, आता टीव्हीतल्या म्हशीला जपायला लागलंय म्हातारं. दूध काढायला कवा जायचं तेवढं इचारा." पण एकदा अण्णांना तापानं घेरलं तेव्हा तीच रिक्षा घेऊन त्यांना वखारीच्या दारात घेऊन आली आणि "जनावर उपाशी ठेवू ने" म्हणत जिना चढवला.

पोरं पैजा लावायची. पंधरा दिवस, एक महिना. पन्नास दिवस झाल्यावर पैजा थांबल्या, आणि सकाळी येणारं प्रत्येक पोरगं आधी विचारायला लागलं, "अण्णा, घातलं का?"

एकाहत्तराव्या दिवशी कुणीतरी रस्ता खणताना जमिनीतली मोठी केबल तोडली आणि निम्म्याहून जास्त कोल्हापूरचं इंटरनेट बसलं. अण्णांनी दुपारपर्यंत वाट बघितली. मग चार कॅफे पायी हिंडले. जिथं लाइन होती तिथं लोडशेडिंग होतं. खेळाचा दिवस आपल्याकडं रात्री साडेआठला संपायचा, कोरियात तेव्हा मध्यरात्र होई. पाच वाजता अण्णांनी टोपी घातली, रुमाल खांद्यावर टाकला आणि इचलकरंजीची एसटी धरली.

अतिग्र्याच्या पुढं ऊस भरलेला एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट आडवा झालेला. तासभर गाडी जागेवर. अण्णा खिडकीतून त्या ट्रॅक्टरकडं असं बघत होते की ड्रायव्हरलाच ओशाळल्यासारखं व्हावं. कबनूर आलं तेव्हा आठला पाच कमी होते. खिडकीतून 'कॅफे' अशी पाटी दिसल्याबरोबर ते उतरले.

आत सहा कॉम्प्युटर आणि पंधरा पोरं. बाहेर मागांचा खडखडाट.

"पावणं, लंबर लावा," कुणीतरी ओरडलं. "दोन तास लागतील."

"दोन तास न्हाईत बाबा. जनावर उपाशी हाय."

पोरं फिदीफिदी हसली. "जनावर घिऊन कॅफेत आलाय व्हय आजोबा? खाली बांधा की!"

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरून एक पोरगा उठला. फराज होता. त्यानं विभूतीचे पुसट पट्टे बघितले, घामानं भिजलेली टोपी बघितली, आणि खुर्ची मागं ओढली.

अण्णा बसले. खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी की-बोर्डवर पसरला आणि रुमालाखाली हात घालून, छताकडं बघत, एकेक अक्षर चाचपून पासवर्ड दाबला. तीन वेळा चुकला. घड्याळात आठ वीस झालेले. हसणारी पोरं आता खुर्चीमागं गर्दी करून उभी होती. चौथ्या वेळी आत गेले. लाइन संथ, चित्र तुकड्यातुकड्यांनी उमटायला लागलं. आधी शिंगं, मग पाठ, मग पांढरे मोजे. गवा आता रेडकू राहिला नव्हता. अण्णांनी बोट उचललं, गवत टाकलं. गव्यानं मान खाली घातली.

"खाल्लं!" ज्यानं नंबर लावायला सांगितलं होतं तोच ओरडला.

गवा खाऊन होईपर्यंत अण्णा उठले नाहीत. मग फराज म्हणाला, "अण्णा, ऱ्हाऊ द्या आता. तुम्ही हितंवर आला. मला पोचलं."

"तुला पोचलं, पर जनावर कुठं पोचलंय? अजून एकोणीस दिवस हायेत," अण्णा रुमाल झटकत म्हणाले. "आणि परतीची गाडी किती वाजता हाय ते सांग. रत्नव्वा माझं दावं घिऊन बसली आसंल."

नव्वदाव्या दिवशी नंदी कॅफेत पाय ठेवायला जागा नव्हती. अण्णांनी स्वतःच्याच जनावराचा दाखला लिहिला: 'गवा घरी वाढवलेला. एकही दिवस उपाशी नाही. ताप आला तो मला, जनावराला नाही. साक्षीदार रत्नव्वा.' फराजच्या हवाली करण्याआधी त्यांनी पडद्यावरच्या गव्याच्या गळ्यातलं तांबडं दावं सोडून आपल्या पात्राच्या पिशवीत टाकलं.

"त्ये पण त्याच्यासंगच येतंय, अण्णा," फराज म्हणाला.

"जनावर द्यावं, दावं दिऊ ने. न्हाईतर दावण रिकामी ऱ्हाती. आणि ऐक, आठ दिवसांत खोड निघाली तर घिऊन ये."

शिक्का मात्र अण्णांनी मारला नाही. वर्षाराणीनं ड्रॉवरची किल्ली पुढं केली तर म्हणाले, "आठ दिवस जाऊ देत. मग बघू कुणी येतंय का."

आठव्या दिवशी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. फराज. अण्णांनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला. आठव्या दिवशी दारात आलेलं गिऱ्हाईक म्हणजे काय, हे त्यांना पस्तीस वर्षं माहीत होतं.

"काय खोड निघाली?"

"खोड न्हाय. घोड्यासारखा पळतोय." फराज बाजूला सरकला. त्याच्या मागं जिन्यावर आणखी चौघं उभे होते. त्यात तो कबनूरच्या कॅफेतला नंबर लावायला सांगणाराही होता. "ह्येला तलवार घ्यायचीय. देणारा पण संगं आणलाय, चांगल्या घरचा हाय. म्हटला, दाखला नंदीचाच पायजे."

अण्णांनी कुलूप काढलं. शिक्का धुळीनं माखला होता. तो त्यांनी चौकड्यांच्या रुमालानं सावकाश पुसला, शाईच्या गादीवर ठेवला आणि देणाऱ्या पोराला समोरची खुर्ची दाखवली.

"बस. घर कुणाचं त्ये ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तलवार कुठं जन्मली तेवढं सांग."