मिठावरच्या लेखाची चौकशी

ती घटना आजही आठवते, आणि खरं सांगायचं तर आठवली नसती तर बरं झालं असतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगड खाल्ले. ते सगळं आता विरत चाललंय. एका लेखाची चौकशी मात्र डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा कर्वेनगरच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. शहर भराभर बदलत होतं. सकाळी चौकाचौकात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलं कंपनीच्या बसची वाट बघत उभी असायची. ठाण्यात मात्र एकच संगणक, त्यावर प्लास्टिकचं आवरण आणि आवरणावर धूळ. तो चालवता येणारी एकच महिला हवालदार, तिची रजा असली की संगणकाचीही रजा.

एका सोमवारी साठीच्या पुढच्या एक बाई आल्या. सुती साडी, हातात फाईल. एका रुग्णालयात त्यांनी आहारतज्ज्ञ म्हणून आयुष्य घालवलं होतं. निवृत्तीनंतर त्या इंटरनेटवर मराठीतून लेख लिहीत. रक्तदाब असलेल्यांनी काय खावं, मधुमेहात फळं चालतात का, असे. प्रत्येक लेखाखाली स्वतःचं नाव आणि घरचा फोन नंबर, 'शंका असल्यास दुपारी चार ते पाच' या सूचनेसह.

"माझे लेख दुसरे लोक स्वतःच्या नावावर छापतायत. त्यातला एक तरी ताबडतोब निघायला हवा," त्या म्हणाल्या.

सोमवारी आमच्याकडे आठवड्याचा आढावा असतो. माझ्या टेबलावर दोन सोनसाखळी चोऱ्या आणि एक बेपत्ता मुलगी होती. मी म्हणालो, "अहो बाई, लेख चोरीला गेला म्हणजे तुमच्याकडचा गेला का? तो आहेच ना जागेवर? हे दिवाणी प्रकरण आहे. वकील गाठा."

"आपण वाचून तर बघा."

"अर्ज देऊन जा. बघतो."

त्यांनी अर्ज दिला. आवक नोंदवहीत क्रमांक पडला, पोच मिळाली. मी पहिलं पान वाचलं आणि समासात शेरा मारला, 'दिवाणी स्वरूपाचे. दप्तरी ठेवावे.' खाली सही केली. माझी सही तेव्हा फार झोकदार होती.

पाच आठवड्यांनी एक तरुण तावातावाने ठाण्यात शिरला. कात्रजला राहणारा, हिंजवडीच्या कंपनीत इंजिनियर. वडिलांना रक्तदाब, त्यात मूत्रपिंडं कमजोर. कंपनीत ई-मेलवरून फिरत आलेला 'मीठ कमी कसे करावे' हा लेख त्याने छापून घरी नेला होता. त्यात लिहिलं होतं की साध्या मिठाऐवजी बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ वापरा. आईने ते आणलं आणि जिभेला फिकं लागतं म्हणून जरा सढळ हाताने वापरलं. तीन आठवड्यांत वडील अतिदक्षता विभागात.

"त्या मिठात पोटॅशियम असतं सर. किडनी वीक असली की ते बाहेरच पडत नाही, ब्लडमध्ये साठतं. पप्पांचे हार्टबीट्स गेले होते, लिटरली गेले होते. डॉक्टर म्हणाले, अजून एक तास उशीर झाला असता तर संपलं होतं."

"लेख कुणाचा?"

"तेच शोधलं मी. हा कागद बघा, खाली नाव नाही. पण यातली वाक्यं नेटवर टाकली तर ह्या बाईंचा ब्लॉग निघतो. वर्ड टु वर्ड सेम. फक्त तिथे आता वर लाल अक्षरात लिहिलंय, 'मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे मीठ मुळीच घेऊ नये.' आपल्यामुळे पेशंट गेला असता हे कळल्यावर घातलंय ते. सर, त्यांच्यावर गुन्हा नोंदवा."

त्याने बाईंचं नाव सांगितलं. ते मी ओळखलं. मी हवालदार बाईंना जुना अर्ज काढायला सांगितला आणि आहारतज्ज्ञ बाईंना बोलावणं धाडलं.

त्या अर्ध्या तासात आल्या. खुर्चीवर बसल्या आणि त्या मुलाने पुढे केलेला कागद वाचू लागल्या. शेवटपर्यंत वाचून त्यांनी तो टेबलावर ठेवला.

"चूक माझीच आहे," त्या त्याला म्हणाल्या. "किडनीच्या पेशंटची सूचना पहिल्या लिखाणात राहून गेली. एवढी वर्षं वॉर्डात तेच सांगत आले, आणि लिहिताना राहिली. चौथ्या दिवशी लक्षात आलं, तेव्हाच घातली. वडील कसे आहेत?"

"चौथ्या दिवशी घातली ह्याला प्रूफ काय?" मुलगा म्हणाला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "यांच्याकडे आहे. मी अर्जाच्या दुसऱ्या पानावर लिहिलं होतं."

अर्ज माझ्यासमोरच होता. मी दुसरं पान उलटलं. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. तिथे स्वच्छ अक्षरात होतं की मूळ लेखात एक धोकादायक त्रुटी राहिली होती, ती मी दुरुस्त केली आहे. परंतु नक्कल करणाऱ्याने जुनाच मजकूर ठेवला आहे, ई-मेल केल्या तरी उत्तर देत नाही. माझे नाव लावले नाही तरी चालेल, पण कुणाच्या जिवावर बेतण्याआधी तो लेख काढायला लावावा. सोबत दोन कागद जोडले होते, एक त्यांचा दुरुस्त लेख आणि एक नक्कल. प्रत्येकावर आमच्या ठाण्याचा आवक शिक्का आणि तारीख. मुलाचे वडील रुग्णालयात जाण्याच्या बरीच आधीची.

म्हणजे दुरुस्ती आधी झाली होती हे सिद्ध झालं, आणि ते माझ्याच कपाटातल्या कागदाने. मुलगा इंजिनियर असल्यामुळे त्याने तारीख मान्य केली. पण लगेच त्याने विचारलं, "मग मला मिळाला तो कागद कुठून आला? यांचाच जुना लेख कुणीतरी पाठवला असेल, तर जबाबदार ह्याच ना?"

प्रश्न बरोबर होता. सायबरवाल्यांना फोन केला, तर ते म्हणाले पत्र पाठवा, रांगेत घेतो. तेव्हा मी जुनाच मार्ग धरला. तिन्ही कागद टेबलावर शेजारीशेजारी ठेवले आणि चहा मागवला. बोटांचे ठसे बघताना आम्ही तेच करतो, एकात आहे आणि दुसऱ्यात नाही असं काय ते शोधायचं. चहा निवला तेव्हा दिसलं. मुलाच्या कागदावर प्रत्येक भाग संपला की ओळीच्या मधोमध तीन चांदण्या होत्या. बाईंच्या लेखात एकही नव्हती. अर्जाला जोडलेल्या नकलेत अगदी तशाच, तितक्याच ठिकाणी होत्या.

नक्कल करणाऱ्याच्या ब्लॉगवर नाव आणि फोटो दोन्ही होतं. 'आरोग्य अभ्यासक' अशी पदवी त्याने स्वतःच लावून घेतली होती. राहायला कसबा पेठेत. दुसऱ्या दिवशी गृहस्थ हजर झाले. साठीला टेकलेले, पांढरा सदरा, खिशाला पेन, बोटांची पेरं जाड झालेली. पोलीस ठाण्याची पायरी पहिल्यांदाच चढत असावेत, कारण आत येताना त्यांनी चपला बाहेर काढल्या. मी त्यांना त्या घालून यायला सांगितलं.

"लेख तुमचे?"

"माझेच. रात्रंदिवस अभ्यास करून लिहितो साहेब."

असं म्हणणाऱ्याला मी कधी खोडून काढत नाही. माणूस ज्या गोष्टीचा अभिमान बाळगतो तिच्याबद्दल विचारायचं. मी म्हणालो, "मांडणी छान आहे हो. ह्या तीन चांदण्या तर फारच शोभतात. कुठून उचलल्या?"

ते ताठ झाले. "उचलल्या? अहो, तीस वर्षं प्रेसमध्ये कंपोझिटर होतो मी. शिशाचे खिळे जुळवायचो. भाग संपला की तीन चांदण्या, ही माझी पद्धत. मालकसुद्धा म्हणायचे, चांदण्या दिसल्या की हा पानांचा फर्मा तू जुळवलेला. आजकाल दुसरं कुणी लावून दाखवा."

मी मुलाचा कागद पुढे सरकवला. "मग हाही तुमचा."

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "हो, माझ्याच पानावरून गेलेला दिसतोय. पण माझं नाव काढलंय! बघितलंत का साहेब, लोक कसे असतात?"

हवालदार बाई तोंडाला रुमाल लावून बाहेर गेल्या. मला हसू आलं नाही. मी त्यांना रुग्णालयात काय घडलं ते सांगितलं, आणि विचारलं, "हे मीठ कुणी खाऊ नये?"

ते हळू आवाजात म्हणाले, "ते मला कसं ठाऊक असणार? मजकूर मी वाचत नाही साहेब. जुळवतो. कंपोझिटरने अर्थात शिरायचं नसतं, शिरला की चुकतो. आम्हाला शिकवलंच तसं. समोरची प्रत जशीच्या तशी उतरवायची."

"आणि नाव?"

"प्रेस बंद पडली. पोराने संगणक आणून दिला, म्हणाला बसा टाइप करत. हजारो पत्रिका, अहवाल, पुस्तकं जुळवली, सगळ्यांवर दुसऱ्यांची नावं. म्हटलं एकदा आपलं लावून बघू. मग गल्लीतले लोक विचारायला यायला लागले, काका, गुडघे दुखतात, काय करू? बरं वाटायचं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्यांचा राग येत होता आणि तो धड येतही नव्हता. न वाचता जुळवलं म्हणून त्यांना चार शब्द सुनवावेत, तर न वाचता सही करणारा मी समोर बसलो होतो.

आहारतज्ज्ञ बाईंना मी सांगितलं की आता फिर्याद द्या, कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा नोंदवतो. तो कायदा मी आदल्या रात्री पहिल्यांदा वाचला होता. त्या म्हणाल्या, "त्यांना आत टाकून लेख निघणार आहेत का? तो आणखी किती ठिकाणी गेलाय ते शोधा."

त्यावर कंपोझिटरच बोलले. "पुस्तकात चूक राहिली तर शुद्धिपत्र चिकटवतात. प्रत्येक प्रतीत. चांदण्या शोधल्या तर प्रती सापडतील."

पुढचे चार दिवस ते आमच्या संगणकासमोर बसले. हवालदार बाई शोधायच्या, ते चांदण्या ओळखायचे. अकरा ठिकाणी लेख सापडला. कुठे 'आजीबाईचा सल्ला' म्हणून, कुठे एका जिमच्या जाहिरातीखाली. प्रत्येकाला त्यांनी पत्र लिहिलं की हा मजकूर मी चोरला होता, तुम्ही माझ्याकडून घेतलात, त्यात जीवघेणी चूक आहे, मूळ लेखिकेची दुरुस्ती सोबत जोडली आहे. 'चोरला' हा शब्द त्यांनी स्वतः घातला. सहा जणांनी लेख काढला, दोघांनी दुरुस्ती लावली. दोघांनी उत्तरच दिलं नाही. एकाने कळवलं की इंटरनेट सगळ्यांचं असतं. ई-मेलवरून किती जणांच्या घरी गेला असेल, त्याचा तर हिशेबच नाही. मी थकलो होतो. चोर पकडला, कबुली मिळाली, आणि मुद्देमाल गावभर फिरतच होता.

मुलाने तक्रार मागे घेतली. वडील घरी आल्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी मला फोन केला. त्यांना भेटायला जायचं होतं, आणि एकट्याने जायचा धीर होत नव्हता. कंपोझिटरही येतो म्हणाले. आम्ही तिघे रिक्षाने कात्रजला गेलो, मी साध्या कपड्यांत.

दोन खोल्यांचं नेटकं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, कॉटवर उशांना टेकून बसलेले वडील. बाईंनी त्यांच्या पत्नीचे हात धरले आणि म्हणाल्या, "लिहिताना माझी चूक झाली. मला माफ करा." कंपोझिटरने दारातच हात जोडले, ते बराच वेळ तसेच उभे राहिले.

त्या माउली काही रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मला शंका आली होती हो बाई. ह्यांच्या किडन्या अशा, हे मीठ चालेल का, असं मनात आलं होतं. कुणाला तरी विचारावं म्हणून मी कागद खालीवर करून बघितला. नाव असतं तर फोन केला असता."

आहारतज्ज्ञ बाई पदरात तोंड लपवून रडल्या. दुपारचे चार वाजून गेले होते.

या प्रकरणाने काय शिकवलं असं लोक विचारतात. चोरीच्या फिर्यादीत आम्ही एकच विचारत आलो, माल कुणाचा गेला? मी समजत होतो की बाईंचं नाव गेलं, म्हणजे बाईंचा मान गेला, त्यात पोलिसांनी काय करायचं? खरं तर नाव गेलं होतं कात्रजच्या या घरातून. ज्यांना विचारायचं होतं त्यांच्याकडून विचारायची जागाच कुणीतरी काढून घेतली होती. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी प्रत्येक अर्ज शेवटच्या पानापर्यंत वाचला. त्याने फार काही भरून निघालं असं मी म्हणणार नाही.

कारण त्या दुपारी मलाही काही सांगायचं होतं. हा लेख थांबवा असा अर्ज पाच आठवडे माझ्याकडे पडून होता, हे मुलाला अर्धवट कळलं होतं, त्याच्या आईवडिलांना नव्हतं. रिक्षात मी वाक्य जुळवत होतो. पण आत गेल्यावर वडील कॉटवरून उठू लागले, "साहेब, तुम्ही इथं बसा" म्हणाले, आणि पहिला कप माझ्या हातात आला. चूक करणारीने माफी मागितली. चोरी करणाऱ्याने हात जोडले. मी चहा प्यायलो, तब्येतीची चौकशी केली आणि उठलो.